शोभेची प्लायमाउथ घरी आणताना

एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी तेहेतीस वर्षं लेलँड आणि टाटाच्या पोटाखाली गेली. निवृत्तीनंतर कुणी शेती घेतं, कुणी काशीला जाऊन येतं. मी १९४८ची प्लायमाउथ ही अमेरिकन मोटार घेतली. हायवेलगतच्या एका हॉटेलमागे काचेचा हॉल होता. मालकांनी हौसेनं जमवलेल्या अकरा जुन्या गाड्या तिथं पितळी खांब आणि लाल दोरी लावून मांडल्या होत्या. मालक गेले, मुलाला त्या जागी मंगल कार्यालय काढायचं होतं, म्हणून गाड्या विकायला निघाल्या. त्या खरेदीत माझं जे बरोबर आलं ते थोडं, चुकलं ते बरंच. हल्ली कुणाला कुठं अशी गाडी दिसली की मला फोन येतो, "काका, जरा बघायला येता का?" गुडघे आता साथ देत नाहीत. तेव्हा एकदाच सगळं लिहून ठेवतो.

शोभेच्या गाडीपेक्षा गोठ्यातली गाडी परवडली, असं माझं स्पष्ट मत आहे. गोठ्यातल्या गाडीवर कोंबड्या बसलेल्या असतात, टायर मातीत गेलेले असतात, उंदरांनी गादी खाल्लेली असते. तिची दशा पहिल्या नजरेत कळते आणि भावही तसाच सांगितला जातो. हॉलमधल्या गाडीला दर शनिवारी पॉलिश होतं, टायरला काळा रंग लावतात, वरून पिवळा दिवा सोडतात. इंजिन वीस वर्षं फिरलेलं नसतं, पण तिच्यासमोर उभं राहिलं की माणूस स्वतःला स्टेअरिंगवर बसलेला बघायला लागतो. विकणारा त्या दिव्याचे पैसे मागतो आणि आपण देतो.

म्हणून घरातून निघतानाच ठरवून जा की आपण काय विकत घेतोय. मी चार गोष्टी धरतो: कागद, नंबर जुळणारं मूळ इंजिन, उजव्या हाताच्या स्टेअरिंगचं सगळं सामान आणि क्रोमचे तुकडे. बाकी ब्रेक, रेडिएटर, वायरिंग, बुश, गाद्या हे सगळं कोल्हापुरात होतं. उद्यमनगरात नमुना नेऊन ठेवला की टर्नर दोन दिवसांत पिन, बुश, स्लीव्ह काढून देतो. पण उजव्या हाताचा डॅशबोर्ड कुणी ओतून देत नाही. अमेरिकेत सुटे भाग अजून मिळतात, पण तिथल्या गाड्या डाव्या हाताच्या. स्टेअरिंग बॉक्स, त्याचा खालचा आर्म, गिअरच्या दांडीची जोडणी, पेडलांचा सेट यातलं काही गायब असेल तर ती गाडी दुसऱ्याला घेऊ द्या.

आता या अमेरिकन गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते थोडक्यात सांगतो, कारण कागद वाचताना त्याचा उपयोग होतो. जनरल मोटर्सनं १९२८ला मुंबईत शिवडीला जोडणी सुरू केली. फोर्डचंही मुंबईत काम होतं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायसलरशी करार करून १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जोडायला घेतल्या. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथं गाडी उभी राहायची. १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर ज्यांना इथं प्रत्यक्ष उत्पादन करायचं नव्हतं त्यांनी गाशा गुंडाळला. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेले, प्रीमियर राहिली. नंतरची डॉज किंग्जवे, प्लायमाउथ सेव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही जवळजवळ एकच गाडी, फक्त नाकावरची बिल्ली वेगळी. त्यामुळे 'इम्पोर्टेड' हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडून आला की विचारा, अख्खी बोटीतून आलेली की कुर्ल्यात जोडलेली? दोन्ही चांगल्याच. पण अलीकडच्या काळात बाहेरून आणलेली असेल तर कस्टम्सची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद, लागते. ती नसेल तर बोलणं तिथंच थांबवा.

कागद

गाडी बघायच्या आधी आरसी बुक बघायला मागा. फोटोकॉपी नको, मूळ पुस्तक. जुनं आरसी बुक म्हणजे हातानं लिहिलेली वही; एकेक मालक, एकेक शिक्का. शेवटचं नाव कुणाचं आहे ते बघा. हौशी लोकांनी गाड्या गोळा केल्या, पण नावावर करून घ्यायचा आळस केला, असं फार ठिकाणी दिसतं. मला बघायला मिळालेल्या एका डॉजच्या पुस्तकात शेवटचा मालक १९६९चा होता. विकणारा म्हणाला, "काका, त्यांच्या सहीचे मालकी बदलायचे कोरे टीटी फॉर्म आहेत ना आपल्याकडं." मेलेल्या माणसाच्या सहीवर गाडी घ्यायची नसते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर आधी गाडी चढते, त्याला ३१ नंबरचा फॉर्म आहे. मग २९ आणि ३० वर वारस तुम्हाला विकतो. दुसऱ्या राज्यातली असेल तर २८ नंबरची एनओसी. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची संमती लेखी घ्या. आमच्या हॉटेलमालकाच्या मुलाची एक बहीण नाशिकला होती. तिला गाड्या विकताहेत हे माहीतच नव्हतं. ती सही व्हायला दीड महिना गेला, आणि जावईबापूंचा चहा मला दोनदा प्यावा लागला.

दुसरं, एचपीचा म्हणजे कर्जाचा शिक्का. गाडी कर्जावर घेतली असेल तर फायनान्स कंपनीचं नाव पुस्तकात चढलेलं असतं. पैसे पन्नास वर्षांपूर्वीच फिटलेले असतात, पण शिक्का उतरवलेला नसतो आणि ती कंपनीच आता अस्तित्वात नसते. ही भानगड सोडवायची कुणी? विकणाऱ्यानं. असं करारात लिहून घ्या.

तिसरं, नंबर टाकून सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर गाडी दिसते का बघा. तीन अक्षरी जुन्या मुंबई नंबरच्या कितीतरी गाड्या संगणकात चढलेल्याच नाहीत. त्यांची बॅकलॉग नोंद मूळ आरटीओतून करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि उद्या वाद झाला तर बँकेचं स्टेटमेंटच साक्ष देतं.

मग ते पुस्तक हातात घेऊन गाडीपाशी जा. प्लायमाउथचा सिरियल नंबर पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर, पत्र्याच्या छोट्या पट्टीवर असतो. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढच्या टोकाला, डायनॅमोच्या वर आणि हेडच्या खाली एका सपाट जागेवर ठोकलेला असतो. १९४६ ते १९४८च्या गाड्यांचा इंजिन नंबर पी-१५ म्हणून सुरू होतो, साध्या मॉडेललाही तेच. ती जागा हॉलमध्ये बहुतेक वेळा रंगाखाली गेलेली असते. खिशात थिनर आणि जुनी बनियन घेऊन जा. खरवडू नका, पुसा. माझ्या पुस्तकात इंजिन नंबर 'एफ-१५' लिहिलेला निघाला. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणा कारकुनाला पीचं पोट दिसलं नसणार. एका अक्षरासाठी पुढं मला चार खेपा पडल्या, पेन्सिलनं घासून घेतलेला छाप आणि फोटो द्यावा लागला. घ्यायच्या आधी ते दिसलं असतं तर त्या खेपा मालकाच्या मुलानं घातल्या असत्या.

इंजिन मूळ आहे का हा प्रश्न नुसता हौसेचा नाही. पेट्रोल महागलं तशा आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांत पर्किन्स किंवा मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलं. टॅक्सीवाल्यांनी पोटासाठी केलं, त्यांना दोष नाही. पण १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेनं व्हिंटेज नोंदणीचे जे नियम आले त्यांत पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, मोठा फेरबदल न झालेली गाडीच बसते. डिझेल घातलेली गाडी स्वस्त मिळते ती यामुळे.

राखणदार मामा

मालकाशी बोलायच्या आधी पॉलिश करणाऱ्याशी बोला. आमच्या हॉलमध्ये एक मामा होते, साठी उलटलेले, कानात बाळी. त्यांना मी तंबाखू दिली आणि विचारलं, "ही आली तेव्हा चालत आली का हो?" मामा म्हणाले, "चालत कुठली. टेंपोतनं आली, सहा जणांनी ढकलली. त्येच्यात पाणी कधी घातल्यालंच नाही." या वाक्यानं माझे दोन लाख वाचले, कारण आत मुलगा सांगत होता की मागच्याच दिवाळीत चालू केली होती.

पाणी घातलं नाही हे वाईटही नाही. कोरडं इंजिन जाम होतं, पण अर्धवट पाणी राहिलेला ब्लॉक आतून सडतो. रेडिएटरचं झाकण काढून बोट घाला. कोरडी लाल भुकटी आली तर ठीक, चहाच्या गाळासारखा लगदा आला तर पैसे कमी करा. ऑइलची पट्टी काढा. दुधाळ दिसली तर पाणी ऑइलमध्ये उतरलंय. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घ्या. जुनं पेट्रोल व्हार्निशसारखं वास मारतं आणि तळाला गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं असतं.

आणि कुणी कितीही म्हटलं, "थांबा, बॅटरी लावून सेल्फ मारून दाखवतो," तरी मारू देऊ नका. वीस वर्षं बसलेल्या इंजिनात रिंगा सिलिंडरला धरलेल्या असतात, व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेले असतात. एका झटक्यात रिंग तुटते, व्हॉल्व्ह वाकतो. दुसऱ्या गाडीला दोरी बांधून गिअरमध्ये ओढणं तर त्याहून वाईट. इंजिन जाम आहे असंच धरून भाव करा आणि हात लावू नका.

पत्र्यासाठी फ्रिजला लावायचं छोटं लोहचुंबक रुमालात गुंडाळून न्या. दाराच्या खालच्या कडा, चाकावरच्या कमानी, डिकीचा तळ, पायाखालचा पत्रा इथं फिरवा. जिथं धरत नाही तिथं पुट्टी आहे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डवर वीतभर जागेत चुंबक नुसतं घसरत होतं. घरी खरवडलं तर पाऊण इंच पुट्टी, आणि आत खिळ्यानं धरलेला तुपाच्या डब्याचा पत्रा. हसू आलं, कारण काम सुबक होतं. खाली वाकून चासी बघा. ताजा काळा अंडरकोट मारलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखण आवाज हवा. थपथप आला तर आत पापड झालाय. कोकणपट्टीत राहिलेल्या गाडीला हे दुप्पट लक्ष देऊन करा.

क्रोमच्या बाबतीत एक भेद माहीत पाहिजे. बंपर पोलादाचे असतात. ते ठोकून, घासून पुन्हा क्रोम होतात. पण बॉनेटवरचं जहाज, दाराचे मुठे, दिव्याच्या कडा हे जस्ताच्या मिश्रणाचं ओतकाम आहे. त्याला आतून फोड येतात. नखानं चाचपून बघा, देवी आल्यासारखे खड्डे लागले तर ते पुन्हा नीट होणं फार महाग. प्लायमाउथच्या नाकावर शिडाचं जहाज असतं, मेफ्लॉवर. मुलानं ते काढून आपल्या केबिनमध्ये पेपरवेट केलं होतं. "ते राहू दे काका, पप्पांची आठवण." मी म्हटलं, "दादा, मग गाडीपण आठवण म्हणूनच ठेवा." जहाज मिळालं.

काचेची काळजी करू नका. या वर्षांच्या प्लायमाउथला पुढं मधोमध पट्टी असलेल्या दोन सपाट काचा आहेत. काचवाला कापून देतो. गाद्या, छताचं कापड यावर मी एक वाक्यही खर्च करणार नाही, ते सगळं आपल्याकडं उत्तम होतं.

भाव करताना मुलानं चौदा लाखांपासून सुरुवात केली. मी कागद काढला आणि त्याच्यासमोर लिहीत गेलो: इंजिन जाम, सहा व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाच टायर, टाकी, रेडिएटर, वायरिंग, टेंपोचं भाडं. आकडा रागानं सांगण्यापेक्षा लिहून दाखवला की समोरचा वाद घालत नाही. सव्वानऊ लाखांत ठरलं. नंतर माझे चार लाख गेले, आणि मजुरी माझीच होती.

चाकं काढताना

आता ज्या ठिकाणी जास्तीत जास्त लोक आपटतात तिथं येतो. न्यायच्या दिवशी टायर बसलेले होते, म्हणून हॉटेलच्या एका पोराला चाक काढायला सांगून मी टेंपोवाल्याशी फोनवर बोलत बाहेर उभा राहिलो. पोरगं ताकदीचं. पाना लावला, त्याच्या दांडीत तीन फुटी पाइप घातला आणि लटकला. टक् असा आवाज आला, मग दुसरा. मी पळत आत गेलो तर मागच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट मुंडकं तुटून खाली पडलेले.

त्याची चूक नव्हती. क्रायसलरच्या त्या काळच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. उजवीकडचे बोल्ट नेहमीसारखे, डावीकडचे घड्याळाच्या दिशेनं फिरवले की सुटतात. चाक पुढं फिरताना बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून ही योजना. डोक्यावर इंग्रजी 'एल' ठोकलेला असतो, पण रंगाखाली कोण बघतो? शिवाय ते नट नाहीत, बोल्ट आहेत, ड्रममध्ये जाणारे. तुटला की शेंडी आत राहते आणि ड्रिल मारून काढावी लागते. ते दोन बोल्ट काढायला मला रविवारची दुपार लागली.

हँडब्रेकवरही विसंबू नका. या गाडीचा हँडब्रेक चाकांना नाही, गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळं ते हवेतलं चाक फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरते. खाली शिरायच्या आधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. हे मी नवीन पोरांना ओरडून सांगतो.

न्यायची ती सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर, चारही चाकं वर. गाडी पाच मीटरच्या आसपास लांब आणि चौदाशे किलोच्या घरात आहे, तेव्हा आधी आपल्या शेडचं माप घ्या. माझं शटर लावायला अर्धा फूट कमी पडला आणि मागची भिंत फोडून कोनाडा काढावा लागला. टायरसाठी ६.०० बाय १६ मापाचा जीपचा टायर चालतो, तो आपल्याकडं मिळतो.

घरी आल्यावर

पहिलं काम ब्रेकचं, इंजिनाचं नव्हे. इंजिन चालू झालं की चालवायचा मोह होतो, आणि ब्रेक तर एकाच लाइनचे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली. पुढच्या चाकांना दोन-दोन, मागच्यांना एकेक असे सहा सिलिंडर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि सिलिंडर आतून खातं. मी सहाही उद्यमनगरात बोअर करून पितळी स्लीव्ह घालून घेतले, रबरी नळ्या सगळ्या नव्या.

पण सिलिंडरपर्यंत पोचायला ड्रम निघायला हवा, आणि मागचा ड्रम म्हणजे परीक्षा. तो निमुळत्या अॅक्सलवर चावीनं बसवलेला असतो आणि सत्तर वर्षांत अॅक्सलचा होऊन गेलेला असतो. हातोड्यानं कडेवर मारलं तर ड्रम वाकतो, आटा मारलेल्या टोकावर मारलं तर अॅक्सल फुलतो, आत गिअरला धक्का बसतो. तीन पायांचा साधा पुलर कडेला अडकवला तरी ड्रम ताटासारखा होतो. हवा तो पुलर हबच्या बोल्टच्या भोकांना धरणारा. टर्नरला मी पुठ्ठ्यावर नक्षी काढून दिली, त्यानं जाड प्लेट आणि मधला मोठा बोल्ट करून दिला. अॅक्सलचा नट पूर्ण काढू नका, दोन आटे सैल करून तसाच ठेवा. पुलरचा बोल्ट आवळा, मधल्या बोल्टच्या डोक्यावर हलका ठोका द्या, परत आवळा. नाही निघाला तर ताण देऊन तसाच सोडून झोपायला जा.

माझा रात्री अडीच वाजता निघाला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, गल्लीतली कुत्री उठली, आणि आमच्या हिनं आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचा सिलिंडर बघितला. नट ठेवला नसता तर तो ड्रम समोरच्या भिंतीत असता.

इंजिनाचं काम सावकाश. सहाही प्लग काढायचे, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे निम्मं डिझेल, निम्मं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल. रोज थोडं. आठवडाभर हात लावायचा नाही. मग क्रँकच्या पुढच्या नटावर सॉकेट लावून हातानं, पाइप न घालता, पुढं-मागं हलवायचं. माझं नवव्या दिवशी सुपारीभर हललं. त्या दिवशी संध्याकाळी मी पेढे आणले. व्हॉल्व्ह या इंजिनात ब्लॉकच्या बाजूला आहेत, हेडमध्ये नाहीत. उजव्या मडगार्डच्या आतलं झाकण काढलं की हात पोचतो. इंजिन फिरवताना कुठला व्हॉल्व्ह वर राहतोय का ते बघा, त्यावर तेल सोडा, हळू दाबा.

आणि इंजिन सुटलं तरी चालू करायच्या आधी पाण्याची नळी बदला. ब्लॉकच्या आत, वॉटर पंपाच्या मागं, या टोकापासून त्या टोकापर्यंत भोकं असलेली चपटी पत्र्याची नळी आहे. तिच्यातून थंड पाणी मागच्या व्हॉल्व्हपर्यंत जातं. ती गंजून गेली की मीटरवर काही दिसत नाही, पण पाचवा-सहावा सिलिंडर आतून भाजत राहतो. रेडिएटर आणि पंप उतरवून ती ओढून काढावी लागते. माझी तुकड्या-तुकड्यांनी आली, शेवटचा तुकडा वाकवलेल्या तारेनं. नवी डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या भाच्यानं टॉवेलात गुंडाळून बॅगेतून आणली. मागवताना हेडची लांबी मोजून सांगा. अमेरिकेत बनलेल्या इंजिनाचं हेड तेवीस इंचांच्या आसपास, कॅनडात बनलेल्याचं पंचवीसच्या. गॅस्केटपासून सगळं वेगळं लागतं.

वीज सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह बॉडीला. हे इलेक्ट्रिशियनला सांगितलं तरी तो सवयीनं निगेटिव्हच बॉडीला लावतो, म्हणून मी बॅटरीच्या पेटीवर लाल रंगानं लिहून ठेवलंय. सेल्फ मंद फिरतो अशी तक्रार आली की लोक लगेच बारा व्होल्ट करतात. आधी केबल बघा. सहा व्होल्टला केबल अंगठ्याएवढी जाड लागते; जीपची बारीक केबल टाकली की बिचारा सेल्फ रडणारच. आणि आताच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर लिबलिबीत होतं, तेव्हा पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला.

नोंदणीचं शेवटी. २० नंबरचा फॉर्म, विम्याची पॉलिसी, आधीचं आरसी बुक किंवा बिल ऑफ एंट्री, आणि फी. नव्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी पुन्हा करताना ५,०००. नव्यानं नोंदलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. आधीपासून इथं नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मी ठेवला. त्या तीन अक्षरांसाठीच तर निम्मी किंमत मोजली होती. व्हिंटेज नोंदणीची गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायला परवानगी आहे, रोज नातवाला शाळेत सोडायला नाही. धंद्याला तर नाहीच, त्यामुळे लग्नाच्या वरातीचं भाडं मारून पैसे वसूल करू असा हिशेब कुणी मांडत असेल तर तो आत्ताच पुसून टाका. नातवाला मी हे समजावलं, तो म्हणाला, "आजोबा, मग शाळेच्या शेजारच्या पंपावर पेट्रोल भरूया की."

गाडीच्या हातपेटीत मी एक पुठ्ठा ठेवलाय, मोठ्या अक्षरात लिहिलेला: डावी चाकं उलट्या आट्याची. पाइप घालू नये.